ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



दर अंकात या जागेवर आम्ही बेणेमळा, खोडकिडा, पाचट कुजवणे, ठिबक असे काहीतरी लिहीत असतो. या वेळी जिल्ह्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. शेतकी खात्याचा माणूस इतिहासात कशाला शिरला, असे कोणी म्हणेल. पण ते प्रकरण आमच्या टेबलावर चालत आले म्हणून शिरलो.

आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना एके दिवशी गट कार्यालयात दोन सभासद आले. दोघे एकमेकांचे साडू. एकाचे रान ओढ्याच्या पश्चिमेला बार्शी तालुक्यात, दुसऱ्याचे ओढ्याच्या पूर्वेला धाराशिव जिल्ह्यात. माती तीच, पाणी तेच, दोघांचे बेणेही एकाच मळ्यातले. दोघांना ठिबकसाठी कर्ज हवे होते. अलीकडच्या साडूचे काम महिन्याच्या आत झाले. पलीकडच्या साडूच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ आणि इतर हक्कात ‘इनाम खिदमतमाश’ असा शेरा निघाला आणि प्रकरण अडकले. वैतागून त्यांनी विचारले, “साहेब, ओढा वलांडला की कायदा बदलतो व्हय?”

आम्ही हसण्यावारी नेले. पण घरी जाऊन विचार करता ध्यानात आले, की उत्तर ‘होय, बदलतो’ असेच आहे. आपल्या कारखान्याचे कार्यक्षेत्र ज्या ओढ्यानाल्यांवर पसरले आहे, तिथे एके काळी दोन सरकारांची सरहद्द होती. सरहद्द पुसून पंचाहत्तर वर्षे होऊन गेली, पण कागदावरून ती अजून पुसलेली नाही. आपले सातबारे, फेरफार, वारस नोंदी का अडतात हे समजायचे, तर ती हकीकत ठाऊक असायला हवी.

हा मुलूख फार जुन्या काळापासून सीमेवरचाच. बहामनी राज्य फुटले तेव्हा अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधल्या पट्ट्यात आपण सापडलो. परंडा, नळदुर्ग, औसा हे तीन मोठे भुईकोट इतक्या जवळ जवळ का, तर सीमा राखायची होती म्हणून. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा निजामशाहीची राजधानी काही काळ परंड्यास होती. विजापूरला आज जी मलिक-ए-मैदान तोफ दाखवतात ती आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये तिकडे नेली. नळदुर्ग मात्र आदिलशाहीने बांधून काढला. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. वरून पाण्याचा लोट पडतो आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. (सभासदांनी पावसाळ्यात एकदा अवश्य पाहावा. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडी बांधाची गळती आपल्या काही शेततळ्यांपेक्षा कमी आहे.)

पुढे मोगल आले आणि १७२४ नंतर हैदराबादचा निजाम स्वतंत्र झाला. पश्चिमेला मराठ्यांचे राज्य. कधी लढाईने, कधी तहाने गावे इकडची तिकडे होत राहिली. एकाच गावात दोघांचे अंमलदार, एकाचा मोकासा तर दुसऱ्याची जहागीर, असाही प्रकार असे. त्यामुळे सरहद्द म्हणजे सरळ ओढलेली रेघ नव्हती. वाळवणावर कोंबड्यांनी पाय नाचवावेत, तशी ती होती. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सोलापूर, बार्शीचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि ओढ्याच्या पलीकडे निजाम राहिला. तेव्हापासून आपली सरहद्द ही इंग्रजी साम्राज्याची सरहद्द झाली. निजाम इंग्रजांचा दोस्त होता खरा, पण त्याचा कारभार वेगळा, नाणे वेगळे, वर्ष वेगळे, दप्तराची भाषा वेगळी. बार्शी तालुका तर असा सापडला, की तीन बाजूंनी निजामाचा मुलूख.

अलीकडच्या बाजूने काय झाले ते थोडक्यात सांगतो. १८३८ मध्ये सोलापूरची उपकलेक्टरी झाली, १८६४ मध्ये मोडली, १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा उभा राहिला, १८७५ मध्ये माळशिरस त्याला जोडले. नावे आणि हद्दी बदलल्या, पण जमिनीची मोजणी, आकारणी आणि नोंद एकाच मुंबई पद्धतीने चालली. ही पद्धत शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास सुरू झाली आणि मग सोलापूरकडे आली. रयतेच्या नावावर सर्व्हे नंबर, तीस वर्षांचा आकार, बांधाला दगड. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आज आपण सातबारा म्हणतो, तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा याच मुंबईच्या नमुन्यांचा. म्हणून बार्शीकडच्या शेतकऱ्याला आज्याच्या काळातला फेरफारही बहुधा मराठीत सापडतो, निदान मोडीत तरी.

पलीकडची गोष्ट लांब आहे, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

निजामाने इंग्रजांच्या देखरेखीखाली एक फौज पोसायची, असा करार होता. तिचा पगार थकत गेला, कर्ज चाळीस लाखांवर गेले. तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे लावून दिला. उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली करतात ना, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे शेतच सावकाराच्या ताब्यात गेले. त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गास होते आणि जिल्ह्याला म्हणत नळदुर्ग जिल्हा. तिथे इंग्रजांनी कर्नल मेडोज टेलर याला नेमले. हा गृहस्थ पोरवयात निजामाच्या नोकरीत आला होता, तुळजापूर भागात पूर्वी राहून गेला होता, मराठी मुलूख ओळखत होता. नळदुर्गच्या किल्ल्यातच तो राहिला आणि १८५७ पर्यंत त्याने जिल्हा चालवला. जमिनीच्या मोजणीला त्याने हात घातला. पुढे ‘तारा’ नावाची कादंबरीही लिहिली, तीत तुळजापूर-नळदुर्गचा परिसर आहे.

म्हणजे सात वर्षे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना एकच सरकार होते. तसेच राहिले असते तर आमच्या साडूंचे काम सोपे झाले असते. पण १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याच्या बक्षिसादाखल १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वर सुरापूरचे संस्थान मिळाले. वऱ्हाड मात्र परत आला नाही. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टाच इंग्रजांनी लिहून घेतला. आज महाराष्ट्रात कुळकायदे तीन का, याचे मूळ या इतिहासात आहे: पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा १९४८ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा आणि विदर्भाला १९५८ चा वेगळा. एक राज्य झाले तरी प्रत्येक भाग आपापला कायदा पदरात बांधून आला.

निजामाकडे परत आल्यावर दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. तोवर वसुलीचे मक्ते दिले जात, ते बंद करून जिल्हे पाडले आणि पगारी अंमलदार नेमले. कलेक्टराला तिकडे ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, त्याखाली दुय्यम आणि सिव्वम तालुकदार, मग तहसीलदार, गिरदावर, आणि गावात माली पाटील, पोलीस पाटील व पटवारी. जुन्या कागदावर ‘तालुकदार’ शब्द दिसला की तो मोठा जमीनदार समजू नये, तो जिल्ह्याचा साहेब. विसाव्या शतकाच्या आरंभी ठाणे नळदुर्गहून धाराशिवास आले आणि गावाचे व जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले. जिल्हा घातला गुलबर्गा विभागात. म्हणून काही सभासदांच्या घरी गुलबर्ग्याच्या सुभ्याचे शिक्क्याचे कागद निघतात. आमच्या गावाचा गुलबर्ग्याशी काय संबंध, म्हणून ते फेकू नका.

आता मुख्य मुद्दा. सालारजंगांनी मोजणी, आकारणी मुंबईच्या धर्तीवर आणली, एकर-गुंठे तेच ठेवले. पण ही शिस्त फक्त दिवाणी गावांना. निजामी राज्यात जमीन तीन तऱ्हेची होती. सरकारी खजिन्याची ती दिवाणी, म्हणजे खालसा. खुद्द निजामाच्या खासगीची ती सर्फ-ए-खास. आणि जहागीरदार, पायगावाले, संस्थानिक यांची ती जहागीर. सबंध राज्याचा विचार केला तर दिवाणी साधारण साठ टक्के, सर्फ-ए-खास दहा आणि जहागिरी तीस टक्के असा हिशेब सांगतात. जहागिरीच्या गावात मोजणी केव्हा झाली, दप्तर कोणी ठेवले, पावती कोणी दिली, हे ज्या त्या जहागीरदाराच्या मर्जीवर. त्याशिवाय गावोगाव इनाम जमिनी होत्या, त्यांत दोन शब्द नीट ओळखायला हवेत.

‘मदतमाश’ म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी दिलेली जमीन. ‘खिदमतमाश’ म्हणजे देवळाची, दर्ग्याची, मशिदीची सेवा करावी म्हणून दिलेली जमीन. पहिली माणसाची, दुसरी सेवेची. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने पहिल्या प्रकारची इनामे संपली आणि जमिनी कसणाऱ्यांकडे आल्या, बहुतेक ठिकाणी हस्तांतरणाच्या अटी लागून. धर्मस्थळांच्या सेवेची इनामे मात्र त्या कायद्याने मोडली नाहीत. म्हणून खिदमतमाश शेरा असलेल्या जमिनीवर बँक हात आखडते, आणि त्यात बँकेची चूक नाही.

आमच्या पलीकडच्या साडूंकडे घरच्या पेटीत एक कागद होता. उर्दू मजकूर, खाली मोडीत दोन ओळी, आणि साल १३३२. आमच्या गट कार्यालयातला नवा लेखनिक म्हणाला, साहेब, हा खोटा आहे, १३३२ साली तर बहामनी राज्यसुद्धा झालं नव्हतं. इतिहास त्याचा बरोबर होता, पण साल फसली होते. निजामाच्या दप्तरात फसली सन चाले. तो ऑक्टोबरात सुरू होई आणि महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी साल येते, जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. म्हणजे १३३२ फसली हे १९२२-२३ झाले. खरे सांगायचे तर ही चूक आम्हीही केली आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी एका सभासदाची १३४४ ची पावती आम्ही ‘साल चुकीचे’ असा शेरा मारून परत केली होती. ते १९३४-३५ होते. बिचारे मुकाट्याने घेऊन गेले, त्याची खंत अजून आहे.

तर तो १३३२ चा कागद म्हणजे ‘मुंतखब’ निघाला. इनामाची चौकशी होऊन हैदराबादेहून जो निकालाचा दाखला मिळे त्याला मुंतखब म्हणत. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी गाठले. त्यांनी बोट ठेवून वाचले: मदतमाश. सातबाऱ्यावर होते खिदमतमाश. कधीतरी एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना कोणाच्या तरी हातून शब्द बदलला आणि एका कुटुंबाची जमीन देवसेवेची होऊन बसली. दुरुस्तीसाठी त्यांनी संबंधित कचेरीत अर्ज केला. तारखा पडत गेल्या, साहेब बदलले, एकदा फाईलच सापडेना. आदेश हाती येईपर्यंत एक लागण गेली. आडसाली राहिली ती राहिलीच, सुरू उसावर समाधान मानावे लागले. शेरा दुरुस्त झाला आहे. वर्ग-२ चे काम अजून चालू आहे.

आता पुन्हा सरहद्दीकडे. जुन्या माणसांना करोडगिरीचे नाके आठवतात. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात, साधारण शेकडा पाच. ओढा ओलांडून माल न्यायचा तर नाक्यावर गाडी थांबायची. बार्शीची छोटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये निजामाच्या मुलखात लातूरपर्यंत पोचली. गाडी इंग्रजी मुलखातून सुटायची आणि मोगलाईत शिरायची. नाणेही दोन. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. शंभर कलदारांना साधारण ११६ ते ११७ हाली पडत. खरेदीखतात ‘रुपये ३५० हाली’ लिहिलेले असेल तर ते ३०० कलदार समजावेत. भावकीच्या वाटणीत या एका शब्दावरून भांडणे झालेली आम्ही पाहिली आहेत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण ओढ्याच्या पलीकडे झेंडा लागला नाही. त्या वर्षभरात रझाकारांच्या भीतीने कितीतरी कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे आली. इकडच्या हद्दीत स्वातंत्र्यसैनिकांची ठाणी उभी राहिली, तिकडचे करोडगिरीचे नाके पेटले. आपल्या सभासदांपैकी अनेकांचे वडील, आजे त्यात होते, त्यांना आम्ही काय सांगणार. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले, बोरी नदीवरचा पूल हाती घेऊन पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतर पाच-सात वर्षांत जे झाले, त्यावर आजचा प्रत्येक सातबारा उभा आहे. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाले आणि जहागिरी संपल्या. १९५० चा हैदराबाद कुळकायदा आला, संरक्षित कुळे जाहीर झाली. आणि गावोगाव नव्याने पाहणी होऊन १९५४-५५ चे ‘खासरा पाहणी पत्रक’ तयार झाले. कोणत्या नंबरात कोण कसतो, कब्जेदार कोण, कूळ कोण, जमीन कोणत्या प्रकारची, हे सर्व त्यात आहे. मराठवाड्याच्या बाजूला जमिनीचा वाद कुठूनही सुरू झाला तरी शेवटी येऊन थांबतो तो या पत्रकापाशी. बार्शीकडच्या माणसाला खासरा म्हणजे काय हे ठाऊक नसते, त्याला त्याची गरजही पडत नाही. पलीकडच्या सभासदाने मात्र त्याची प्रमाणित नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून घरात ठेवलीच पाहिजे.

आणि आता त्या कोंबडीच्या पायांकडे. सरहद्द वेडीवाकडी असल्यामुळे निजामाची काही गावे सोलापूर जिल्ह्याच्या पोटात आणि इकडची काही तिकडच्या पोटात, चहूबाजूंनी वेढलेली अशी होती. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढून अशी बेटे ज्या मुलखाने वेढली आहेत त्यात सामील केली. त्यामुळे असे झाले, की आज एखादे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे, पण १९५० पूर्वीचे त्याचे दप्तर हैदराबादी पद्धतीचे. काही ठिकाणी याच्या उलट. असा सभासद सोलापूरच्या कचेरीत जुनी नोंद मागतो, ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि तो गप्प बसतो. नोंद नाही असे नसते. ती दुसऱ्या जिल्ह्याच्या रुमालात बांधलेली असण्याचा संभव असतो. आपले गाव १९५० पूर्वी कोणाकडे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच अर्ज करावा.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६६ चा महसूल संहितेचा कायदा दोन्ही बाजूंना एकच लागला. पटवारी गेला, तलाठी आला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, म्हणून औसा-लातूरकडच्या पाहुण्यांची जुनी कागदपत्रे उस्मानाबादच्या नावाने असतात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव पुन्हा धाराशिव झाले. काही सभासद विचारतात, जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे, तो चालेल का? चालेल. नाव बदलल्याने जुना दाखला रद्द होत नाही. आणि हैदराबाद गॅझेटियर, निजामकालीन नोंदी हे शब्द अलीकडे ज्या कारणाने सर्वांच्या तोंडी आहेत, त्यात आम्ही शिरत नाही, तो आमचा विषय नाही. पण त्या निमित्ताने माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या, लोक जुना कागद जपू लागले, हे बरे झाले.

आता कामाच्या चार गोष्टी, जशा सुचतील तशा.

सातबाऱ्यावरचा गट नंबर आणि जुन्या कागदावरचा सर्व्हे नंबर जुळत नाही म्हणून घाबरू नका. एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. जुना आणि नवा नंबर जोडून दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावाचून खासऱ्याची नक्कल हाती असूनही उपयोग होत नाही.

इतर हक्कात ‘संरक्षित कूळ’ किंवा ‘३८-ई’ असे काही असेल तर आधी पाहा, की ते कूळ आपलेच वाडवडील होते का. अनेकदा कुळाचीच जमीन झालेली असते, मालकीचा दाखलाही मिळालेला असतो, आणि शेरा तेवढा कोणी कमी करून घेतलेला नसतो. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला पूर्वी कलेक्टरची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती अट सुटते. आकार रुपया-दोन रुपये असतो, त्यामुळे चाळीस पट म्हणजे फार नाही. आमच्या माहितीतले कितीतरी सभासद एवढ्या पैशाच्या चलनावाचून अडून बसले आहेत.

खिदमतमाश आणि मदतमाश यांचे नियम निराळे आहेत, म्हणून आधी शब्द कोणता आहे ते मूळ मुंतखबावरून पाहा. घरात मुंतखब नसेल तर गाव, तालुका, इनामदाराचे नाव लिहून हैदराबादच्या अभिलेखागारात विचारणा करता येते. एखाद्या नक्कल करणाऱ्याने केलेल्या चुकीची दुरुस्ती महसूल संहितेच्या कलम १५५ खाली मागता येते. पुरावा मात्र आपणच द्यायचा असतो.

आणि वारस नोंद. याला हैदराबाद लागत नाही की मुंबई लागत नाही. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी सातबारा त्यांच्याच नावाने, असे सभासद ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. शेअर हस्तांतरणाचे अर्ज आमच्याकडे अडतात ते बहुतेक यामुळेच. बहिणींची नावे लावायची टाळाटाळ हे त्यातले खरे कारण, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. कारखान्याच्या बाजूने यात काही सूट देता येत नाही.

पुढील महिन्यात दर बाजारच्या दिवशी गट कार्यालयात जुने कागद पाहण्याची सोय केली आहे. मोडी वाचणारे एक आणि उर्दू वाचणारे एक गुरुजी यायला कबूल झाले आहेत. ते फक्त वाचून सांगतील, निवाडा करणार नाहीत. भावकीच्या वादातले दोन्ही पक्ष एकाच दिवशी आणू नयेत. मूळ कागद घरी ठेवावा, झेरॉक्स आणावी. कागद घडीवर फाटत असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नये, शाई उडते. सोबत चालू सातबारा, आठ-अ आणि शेअरचा नंबर आणावा. पावसात भिजलेला कागद उन्हात न टाकता सावलीत, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वाळवावा आणि मगच आणावा.